वळकटीतून आलेले ढेकूण: कोपरखैरण्याच्या एका दिंडीचं प्रकरण

सासवडच्या दुसऱ्या मुक्कामी हरिपाठ संपल्यावर एक आक्का माझ्या औषधपेटीपाशी येऊन बसल्या आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत पाच लाल गांधी, जवळजवळ एका ओळीत, प्रत्येकीच्या मधोमध टाचणी टोचल्यासारखा ठिपका. "माऊली, पित्त उठलंय का हो हे?" मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि म्हटलं, डास असतील. खाजेची गोळी दिली, कॅलामाइन लावलं, हात चादरीत घेऊन झोपा म्हणाले. ते निदान चुकलं होतं. त्या चुकीपायी आमचे दोन मुक्काम वाया गेले.

आमची दिंडी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली. बहुतेक घरं मूळची सातारा जिल्ह्यातली, जावळी-पाटणकडची. पुरुषमंडळींचं आयुष्य तुर्भ्याच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहण्यात गेलेलं, कुणी मसाला बाजारात, कुणी धान्य बाजारात, कुणी कांदा-बटाट्यात. त्या वर्षी आम्ही ६२ जण होतो. सगळ्यांनी दिंडीच्या खर्चाची भिशी भरलेली, सोबत सामानाचा एक ट्रक, पाण्याचा टँकर, आचारी आणि राहुट्या. मी ३१ वर्षं परिचारिका होते. निवृत्तीनंतर दिंडीची औषधपेटी माझ्याकडे आली.

त्या पेटीत काय होतं, ते सांगायला हवं. भिजलेल्या पायांच्या चिखल्यांसाठी मलम, जुलाबासाठी जलसंजीवनी, डासांसाठी लावायचं मलम, पट्ट्या, तापाच्या गोळ्या. विंचवाची धास्ती मला सगळ्यात जास्त. वाटेवरचं प्रत्येक आरोग्य केंद्र मी वहीत लिहून घेतलेलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि कितीतरी माणसं वाचली, हे मी नोकरीत असताना शिकले होते. त्यामुळे दंश झाला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता माणूस गाडीत घालायचा, एवढं सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. सकाळी चपला झटकूनच पायात घालायच्या, अंथरूण झाडूनच पडायचं. ढेकणांचा मात्र विचारही मनात आला नव्हता. ढेकूण घरात असतात, वाटेवर कुठले, असं मी धरून चालले होते.

जेजुरीला आणखी तिघं आली. वाल्ह्याला सातवं माणूस. दिंडीत बोलणं सुरू झालं की पुण्यात ज्या शाळेत उतरलो होतो, तिथल्या सतरंज्यांतच काहीतरी होतं. एकाने तर, खरूज आहे, सगळ्यांना होणार, असं जाहीरच करून टाकलं आणि पंगतीत त्या सातजणांच्या शेजारी बसायला लोक कचरू लागले. वारीत एकमेकांच्या पाया पडणारी माणसं अशी अंग चोरून बसलेली पाहिली, तेव्हा मी वही काढली.

खरूज नाही, हे ठरवायला फार वेळ लागला नाही. खरजेचा किडा कातडीच्या आत घर करतो. ज्याला आधी कधी झाली नाही, त्याला लागण झाल्यापासून खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही आळंदी सोडून आठवडाही झाला नव्हता. सातही जणांच्या बोटांच्या बेचक्या, कंबर, काखा स्वच्छ होत्या. घामोळ्या म्हणाव्यात तर त्या बारीक, दाणेदार, पाठीवर आणि मानेवर दाटीने येतात. पिसवा बहुतेक घोट्याभोवती चावतात. इथे गांधी मोठ्या होत्या, ओळीने किंवा तीन-चारच्या झुबक्याने, आणि झोपेत पांघरुणाबाहेर राहणाऱ्या जागीच: हात, मान, खांदा, एकाच्या तर गालावर. नव्या गांधी संध्याकाळी नसायच्या, पहाटे उठताना असायच्या.

मग मी राहुट्यांचा नकाशा काढला. कोण कुठे झोपतं, शेजारी कोण. अपेक्षा अशी की सातही जण एकाच राहुटीत निघतील. तसं झालं नाही. सातजण चार राहुट्यांत विखुरलेले, तीन बायकांच्या आणि एक पुरुषांची, आणि त्यांच्या कुशीला झोपणाऱ्यांच्या अंगावर काही नाही. शाळेतल्या सतरंज्यांवर तर आम्ही सगळेच झोपलो होतो. जमिनीतून किंवा जागेतून येणारी गोष्ट अशी निवडून चावत नाही.

उत्तर मिळालं ते ट्रक भरणाऱ्या पोरांकडून. पहाटे चारला राहुट्या उतरतात, वळकट्या ट्रकमध्ये जातात, संध्याकाळी मुक्कामी खाली येतात. कोणती वळकटी कुठे ठेवता, असं मी विचारलं. पोरगं म्हणालं, "पहिल्या दिवशी बिल्डिंगवार भरल्या होत्या, तशाच भरतो. नाहीतर संध्याकाळी कुणाची कुठली सापडत नाही." सातातले सहाजण शेजारशेजारच्या दोन इमारतींतले. बायका बायकांच्या राहुटीत झोपत, नवरे आणि शेजारी पुरुषांच्या. पण त्यांच्या वळकट्या दिवसभर ट्रकच्या एकाच कोपऱ्यात, केबिनला लागून, एकीवर एक. रोज १२-१४ तास, अंधारात, उबेत, कापडाला कापड चिकटून.

लोणंदला पोचल्यावर मी महाराजांकडून तास-दीड तास मागून घेतला. त्या कोपऱ्यातल्या वळकट्या एका पांढऱ्या धोतरावर उतरवल्या. वरून सगळ्या चांगल्या दिसत होत्या. चौथी सोडली ती जुनी गोधडी, लुगड्यांच्या पदरांची, हाताने घातलेल्या बारीक टाक्यांची. तिचा कोपरा उलटा केला. शिवणीलगत बॉलपेनचं टोक टेकवावं तसे काळे ठिपके, पाण्याने ओल्या केलेल्या कापसाने पुसले तर तांबूस पसरणारे. त्यांच्यात तांदळाच्या कोंड्यासारखी पातळ, फिकट टरफलं. शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली तेव्हा आत मसुरीच्या डाळीएवढा, तसाच चपटा, तपकिरी-लाल जीव बसलेला. सुईने हलवला तर उडाला नाही, उसळला नाही; सरपटत दोन टाक्यांच्या मधल्या फटीत शिरला. चिमटीत चिरडला आणि तो वास आला. तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. चाळीत वाढलेल्या मला तो लगेच ओळखू आला, आणि गेले तीन दिवस मी डास-डास म्हणत होते याचं फार वाईट वाटलं.

गोधडी एका आबांची होती. साठी ओलांडलेले. घर गावाकडे, इथे तुर्भ्याला एका गाळ्यावरच्या खोलीत बाराजणांबरोबर राहतात. पाळीपाळीने झोपणं, एकाची जागा उठली की दुसऱ्याने पडायचं. ते बाजूला उभं राहून सगळं पाहत होते. लोक पांगल्यावर मी जवळ गेले तेव्हा ते खाली बघतच म्हणाले, "ठावं हुतं मला, माऊली. निघायच्या आदल्या दिशी उन्हात टाकली हुती गोधडी. पण सांगितलं असतं तर घेतलं असतं का मला दिंडीत?"

मी त्यांचे हात पाहिले, मान पाहिली. एकही गांध नव्हती. याचं नवल नाही. गांध म्हणजे चाव्यावर आपल्या अंगाने दिलेली प्रतिक्रिया. काहींच्या अंगावर ती येतच नाही, काहींच्या दोन-चार दिवसांनी येते, आणि वर्षानुवर्षं चावून घेणाऱ्यांच्या अंगावर पुष्कळदा दिसेनाशी होते. म्हणून ज्याला खाज तोच ढेकूणवाला, हा हिशेब चुकतो. आमच्या दिंडीत तर तो अगदी उलटा निघाला.

आबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर बहुधा "नाही" असंच होतं, आणि मला ते लागलं. ढेकूण घाणीतून उपजत नाही. त्याला फक्त माणसाचं रक्त आणि लपायला फट लागते. ती बारा माणसांच्या खोलीत असते तशी चांगल्या हॉटेलच्या पलंगातही असते. ढेकणाच्या चाव्यातून माणसाला एखादा रोग होतो, असंही आढळलेलं नाही; खाज, जागरण आणि खाजवून झालेली जखम हाच त्याचा त्रास. पण गावात, चाळीत, वसाहतीत ढेकूण निघाले हे सांगणं म्हणजे घराची अब्रू काढणं समजतात. आबा गप्प राहिले ते यामुळेच, आणि त्यांची वळकटी इतरांच्या वळकट्यांत गेली तीही यामुळेच.

त्या रात्री बसून ठरवायचं होतं. एकाने सुचवलं, आबांना एसटीत बसवून परत पाठवू. दुसरा म्हणाला, गोधडी नीरेत सोडायला हवी होती. रस्त्यावर किंवा नदीकाठी टाकलेली गोधडी कुणीतरी गरीब उचलून घरी नेतो, त्यामुळे तो मार्ग मला मुळीच मान्य नव्हता. आणि आबा परत गेले असते तरी बाकीच्या वळकट्यांत शिरलेले ढेकूण आमच्याच बरोबर पंढरपूरला आले असते.

तिसरी सूचना मात्र ऐकून माझ्या अंगावर काटा आला. धान्य बाजारात काम केलेला एक भला माणूस म्हणाला, "गोदामात धुरीच्या गोळ्या टाकतात ना, तसल्या दोन ट्रकमध्ये टाकू आणि ताडपत्री बांधू. सकाळपर्यंत सगळं साफ." त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो ढेकूण मारतो तसा माणूसही मारतो, आणि त्याला उतारा नाही. बंद गोदामात, प्रशिक्षित माणसांनी, माणसांना दूर ठेवून वापरायची ती गोष्ट आहे. घरात ढेकणांसाठी या गोळ्या ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे येत असतात. पावसाळी हवा, ओली ताडपत्री, त्याच कापडात रात्री ६२ माणसं झोपणार. बाजार समितीच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, बाजारातली ती गोळी घराच्या उंबऱ्याच्या आत आणू नका, कितीही ढेकूण झाले तरी.

साधे फवारेही मी नको म्हटलं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांतलं औषध एकाच घराण्यातलं असतं, पायरेथ्रॉइड, आणि जगभरच्या ढेकणांनी त्याला दाद देणं मोठ्या प्रमाणात सोडून दिलं आहे. शिवाय फवारा मारला की जिवंत राहिलेले पळून आणखी चार वळकट्यांत शिरतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्यानंतर महाराजांनी सांगितलं की आज सगळ्यांच्या वळकट्या उघडायच्या, अपवाद कुणाचाच नाही. आबांचं नाव घेतलं गेलं नाही. पहिली वळकटी मी माझी उघडली. चादर स्वच्छ, सतरंजी स्वच्छ, आणि उशीच्या खोळीच्या शिवणीत एक पिल्लू, फिकट, तिळापेक्षा लहान, पोटात रक्ताचा गडद ठिपका. मला एकही गांध उठली नव्हती. मी ते धोतरावर काढून सगळ्यांना दाखवलं. परिचारिका बाईंच्या उशीत निघाला म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. बायका आपणहून कोपरे उलटे करून दाखवू लागल्या. एकूण नऊ वळकट्यांत काही ना काही सापडलं, त्यातल्या आठ त्याच कोपऱ्यातल्या.

पिल्लू सापडणं गंभीर होतं. अंड्यातून निघाल्यापासून मोठा होईपर्यंत ढेकूण पाच वेळा कात टाकतो आणि दर वेळी त्याला रक्त प्यावं लागतं. मोठे ढेकूण उपाशीपोटी महिनोन्महिने तग धरतात. उष्ण हवेत अंडी साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात. म्हणजे आज दिसलेले मारले तरी पंढरपुरात पोचेपर्यंत नवी पिढी तयार.

मारायचा भरवशाचा मार्ग उष्णता. ५० अंशांच्या वर गेलं की मोठे, पिल्लं, अंडी, सगळे लवकर मरतात. ४५ अंशांवर अंडी तासन्‌तास टिकतात. चादरी, खोळी, कपडे उकळत्या पाण्यात घालायचे ठरलं. आचारी पातेलं देईना, आणि त्याचं बरोबर होतं, त्यात सकाळी भात शिजायचा. टँकरवाल्याने पत्र्याचं एक जुनं पिंप आणून दिलं. खरी अडचण गोधड्यांची. त्या उकळल्या तर वाळणार कशा?

फलटणला ऊन मिळालं. दिवे घाट चढताना ज्या पावसाने झोडपलं होतं, तो नीरा ओलांडल्यावर मागेच राहतो; पुढचा मुलूख दुष्काळी. बाजारात साखरेच्या पोत्यांना आतून लावतात तशा प्लास्टिकच्या जाड पिशव्या आणि काळा प्लास्टिकचा कागद आणवला. गोधड्या त्यात बंद करून दुपारी डांबरी जागेवर ठेवल्या. माझा तापाचा थर्मामीटर ४२ अंशांपुढे जातच नाही, तो इथे निरुपयोगी. एका दूध संकलन केंद्रावरच्या भल्या माणसाने दुधाचा थर्मामीटर दिला, १०० अंशांपर्यंत मोजणारा. घडी केलेल्या गोधडीच्या बाहेरच्या थरात पारा ४७ वर गेला. मधल्या घडीत ३६.

गोधडी उन्हात टाकून ढेकूण का जात नाहीत, ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं. आबांनीही तेच केलं होतं, दोरीवर टाकली होती. बाहेर तापलं की ढेकूण गार घडीत सरकतो आणि संध्याकाळी परत येतो. मग आम्ही गोधड्या पूर्ण पसरल्या, एकपदरी, खाली काळा कागद, वर काळा कागद, कडा दगडांनी दाबलेल्या, म्हणजे पळायला गार जागाच उरू नये. पाऊण तासाने पारा ५२ वर. उलट्या करून पुन्हा तासभर. बरडलाही तेच केलं. ढग आला की पारा भराभर उतरायचा, तेव्हा नुसतं घड्याळ बघून भागत नाही, थर्मामीटर हवाच.

ट्रक रिकामा करून फळ्यांच्या फटींत उकळतं पाणी ओतलं. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे प्रत्येक वळकटी आपापल्या पिशवीत, तोंड सुतळीने घट्ट. खर्च फक्त पिशव्यांचा. वळकटीला वळकटी लागणं थांबलं आणि नातेपुत्यानंतर माझ्याकडे नवी गांध घेऊन कुणी आलं नाही.

पुढची काळजी घराची होती. वाटेवर रोज जागा बदलते. वसाहतीतल्या घरात एक पलंग, एक शोकेस, सहा माणसं आणि भिंतीला भिंत लागून शेजारी. वाखरीच्या मुक्कामीच आम्ही ठरवून टाकलं की परतल्यावर एकही वळकटी जिना चढणार नाही. एकादशीनंतर ट्रक रात्रभर चालून पहाटे कोपरखैरण्यात शिरला तेव्हा इमारतीसमोर पिंप चुलीवर ठेवून सुना उभ्या होत्या. अंगावरचे कपडेसुद्धा खालीच, आडोशाला बदलले. नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याने मोठं काम केलं. कोळशाची जड इस्त्री त्याने गोधड्यांच्या शिवणींवरून, ओलं फडकं मधे धरून, सावकाश फिरवली. शिवणीत वाफ शिरते तशी दुसरी कुठली गोष्ट शिरत नाही.

तरी दोन घरांत तीन आठवड्यांनी ढेकूण निघाले. त्यातलं एक कुटुंब पंढरपूरहून परस्पर एसटीने आलं होतं आणि वळकटी थेट पलंगाखाली गेली होती. दुसऱ्या घरी कसे आले, ते सापडलं नाही. बोलावलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याने एकदा फवारून पैसे घेतले आणि पुन्हा यायची गरज नाही म्हणाला. अंडी औषधाला पुरून उरतात, त्यामुळे १०-१५ दिवसांनी दुसरी फेरी हवीच. आम्ही दुसरा माणूस बोलावून ती करून घेतली. पलंगाचे स्क्रू काढून सांधे उघडले, स्विचबोर्डाच्या मागच्या फटी आणि शोकेसची पाठ पाहिली. तिथेच होते.

आबांच्या तुर्भ्याच्या खोलीवर आम्ही चौघं गेलो. फळ्यांचे माळे, भिंतीला टेकलेले, फटीफटीत काळे ठिपके. खोलीचा मालक खर्च करायला तयार झाला नाही. बाराजणांनी वर्गणी काढली, फळ्या टाकून लोखंडी पट्ट्या घातल्या, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या, आणि ज्याची त्याची चादर ज्याच्या त्याच्या पिशवीत, पाळी बदलली तरी. तिथले ढेकूण संपले असं मी म्हणणार नाही. खाली गोदाम आहे, शेजारच्या खोल्या तशाच आहेत. कमी झाले आहेत, आणि रात्री झोप लागते, असं आबा म्हणतात.

पुढच्या ज्येष्ठात, निघायच्या आठ दिवस आधी, इमारतीच्या गच्चीवर वळकट्यांची तपासणी ठेवली. तपासायला कुणाला बसवायचं, यावर फार बोलणं झालं नाही. आबांना फट कुठे असते ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. पांढऱ्या धोतरावर ते मांडी घालून बसले, चष्मा पुसला. रांगेत माझी वळकटी आली तेव्हा त्यांनी गोधडीचे चारही कोपरे उलटे केले, शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, उशीची खोळ काढून उजेडाकडे धरली आणि मग पिशवी माझ्याकडे सरकवली.

"बांधा, माऊली. म्होरं कोण हाय?"